जन्मघरातले बूट

मी बूट करतो. दुकानात मिळतात तसले नव्हेत. इस्पितळाच्या मागच्या अंगाला आमची कार्यशाळा आहे. ज्यांचे पाय सरळ नाहीत त्यांच्यासाठी तिथे बूट होतात. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाची बोटं गेलेली. बावीस वर्षं हेच काम केल्यामुळे माणसांचे चेहरे मी दोन दिवसांत विसरतो, पण वापरलेल्या बुटाचा तळ दाखवलात तर चाल कशी आहे, भार कुठे पडतो, गुडघा दुखतो की कंबर, सगळं सांगतो. बायको पाहुण्यांना सांगायची, "बघायला आले तेव्हा यांनी माझ्या तोंडाआधी माझ्या चपला बघितल्या." खोटं नाही ते.

आमची मुलगी नऊ वर्षांची. एका जागी बूड म्हणून टेकत नसे, म्हणून घरात तिला सगळे खारू म्हणायचे. तिचा डावा पाय जन्मापासूनच बोटभर आखूड होता. पहिल्या पावलापासून तिचे सगळे बूट मी केले, डाव्याला उंच तळ लावून. तरी ती जराशी लचकायचीच. उजवं पाऊल हलकं पडे आणि डावं जड. जिन्यात पाऊल वाजलं की न बघता कळायचं, बाईसाहेब आल्या.

पाच महिन्यांपूर्वी ती शाळेच्या जिन्यावरून पडली आणि तेव्हापासून शुद्धीवर आली नाही. पडली तेव्हा तिच्या पायात माझेच बूट होते. उंच तळ पायरीला अडकला असेल का, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारत होतो. दुसऱ्या कुणापाशी तो काढायची माझी छाती झाली नाही. डॉक्टरांनी शेवटी आम्हा दोघांना खोलीबाहेर नेऊन सांगितलं, सोमवारी श्वासाचं यंत्र काढायचं की नाही ते तुम्ही ठरवा, सही लागेल. त्या दिवशी गुरुवार होता.

बायको भाविक, मी नाही. चर्चला मी जातो ते तिला सोबत म्हणून. त्या रात्री ती एवढंच म्हणाली, "तुम्ही संतिणीच्या जन्मघरी जाऊन या. खारूचे वापरलेले बूट घेऊन जा. मी इथून हलणार नाही."

ती संतीण म्हणे पायाने अधू जन्मली होती. सात वर्षांची होईपर्यंत उभी राहिली नाही, आणि एकदा चालायला लागली ती थांबलीच नाही. रानात, धुक्यात वाट चुकलेल्यांना शोधून घरी पोचवायची. आजारात हरवलेल्यांनाही ती शोधते, अशी लोकांची श्रद्धा. त्यांचे बूट तिच्या जन्माच्या खोलीत खाटेखाली ठेवायचे. ती त्यांना बूट घालते आणि घरच्या वाटेला लावते. बूट हलले नाहीत, तर मुकाट्याने परत न्यायचे. बुडत्याला काडीचा आधार, म्हणून मी हो म्हणालो.

पण वापरलेले बूट होते कुठे? पडली त्या दिवशीचा जोड इस्पितळात कापून काढला आणि टाकून दिला. त्याआधीचा एकही मी ठेवलेला नव्हता. नवा जोड झाला की जुना उसवायचा, डाव्याचा उंच तळ सुटा करून तपासायचा आणि त्यावरून पुढचा सुधारायचा, हा माझा शिरस्ता. हे बायकोला सांगायचं मला धैर्य झालं नाही. शुक्रवारी पहाटे निजलेल्या पोरीच्या पावलांची मापं घेतली. खाटेवर पडल्या पडल्या पाय वाढले होते तिचे, ते बघून मला रडू आलं. दिवसभर बसून नवा जोड केला. आणि मग कानस आणि काचकागद घेऊन त्याचे तळ झिजवले. उजव्याचा टाचेला बाहेरून, डाव्याचा चवड्यापाशी. तिची चाल मला तोंडपाठ होती. कातड्याला सुरकुत्या पाडल्या, नाड्या मळवल्या. बूट वर्षभर वापरलेले वाटत होते. असली नक्कल करणारा दुसरा कुणी मिळायचा नाही, असं वाटून मला जरा समाधानसुद्धा झालं. त्याची लाज आता वाटते.

शनिवारी सकाळी बसने उतरलो आणि पुढे तासभर चाललो. कापून झालेली शेतं, मधून दगडी बांध, रस्त्यावर कुणी नाही. जन्मघर उतारावर होतं. बुटकं, दोन खोल्यांचं, पांढऱ्या चुन्याने रंगवलेलं, आणि त्याला लागून छोटं चर्च. सकाळच्या प्रार्थनेची मिस्सा संपवून सात-आठ म्हातारी माणसं परत निघाली होती. कमरेला किल्ल्या अडकवलेली एक सिस्टर पायऱ्या झाडत होती. सत्तरी उलटलेली असावी.

"बूट आणलेत?" तिने झाडू न थांबवता विचारलं.

"हो."

"वापरलेले ना? इथे नवे चालत नाहीत."

"का?"

"पद्धत आहे तशी."

मी पिशवी दिली. तिने बूट उलटे केले आणि तळांवरून अंगठा फिरवला. "पोर बरीच हुंदडते वाटतं," ती म्हणाली. मी रिकाम्या पिशवीची घडी घातली.

आतली खोली चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. खडबडीत दगडी फरशी, लाकडाची बसकी खाट, भिंतीवर क्रूस. खिडकी एकच, तीही आतून अडसर घालून बंद केलेली. हवेला मेणाचा वास होता. सिस्टरने बूट खाटेखाली शेजारी शेजारी ठेवले, बाहेर आली आणि दाराला कुलूप घातलं. "संध्याकाळच्या घंटेला उघडते," म्हणाली आणि चर्चमध्ये निघून गेली.

घराबाहेर, त्या खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून एक दगडी बाक होता, तिथे बसलो. बायकोने बांधून दिलेलं खाल्लं. ऊन चढत गेलं. खोलीला दुसरं दार नाही हे एक फेरी मारून बघून आलो होतो. बूट हलले तर घूस असेल आणि नाही हलले तर सोमवारी सही करायची, इतका सरळ हिशेब मी मनाशी बांधला होता. खरं सांगायचं तर घूस तरी यावी असं वाटत होतं.

अडीचच्या सुमाराला पाठीमागे आवाज झाला. काहीतरी फरशीवरून सरकल्यासारखा. मग थोडा वेळ काही नाही. मग एक टक आणि एक धप्प.

मला वाटलं चर्चमध्ये कुणी खुर्च्या हलवतंय. उठून पाहिलं. चर्च रिकामं होतं आणि सिस्टर पुढच्या बाकावर जपमाळ हातात घेऊन पेंगत होती. किल्ल्या तिच्या मांडीवर होत्या.

परत येऊन भिंतीला कान लावला. एक हलकं पाऊल, एक जड. चार पावलं, मग फरशीवर चामडं घासल्याचा आवाज, पुन्हा चार पावलं. घाई नव्हती. एखादं मूल बंद खोलीत दाराची वाट बघत फेऱ्या मारतं, तशा त्या फेऱ्या होत्या. मी घाबरलो, आणि त्याच वेळी, का कोण जाणे, मला आनंदही झाला.

अर्धा तास तरी तसा ऐकत उभा असेन, तेव्हा फोन वाजला. बायको होती. रडत होती की हसत होती, समजेना.

"अहो, उठली! डोळे उघडले तिनं!"

"कधी?"

"अडीचला. आपणहून श्वास घेतेय, यंत्र काढलं. डॉक्टर नुसते बघत राहिलेत. आणि नर्स धरायच्या आत खाटेवरून उतरली हो! खिडकीपर्यंत चालत गेली."

"चालत?"

"अनवाणी. आणि सरळ. अहो, अगदी सरळ! लचकलीसुद्धा नाही."

भिंतीपलीकडे टक, धप्प. टक, धप्प.

"बोला ना काहीतरी," बायको म्हणाली.

"येतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

भिंतीला तोंड लावून मी हाक मारली. "खारू?"

पावलं थांबली.

मग ती भिंतीकडे आली. एक हलकं, एक जड. अगदी जवळ, मधे फक्त भिंत उरेल इतकी जवळ येऊन थांबली.

मी धावत जाऊन सिस्टरला उठवलं. घंटेआधी उघडत नाही, असं ती म्हणत होती, पण माझा चेहरा बघून किल्ल्या घेऊन उठली. कुलूप काढायला तिला फार वेळ लागला.

खोलीत कुणी नव्हतं.

बूट मागच्या भिंतीपाशी होते. टोकं भिंतीला टेकलेली, मी पलीकडून तोंड लावलं होतं बरोबर त्या जागी. नाड्या बांधलेल्या होत्या. मी हात घातला. आतून उबदार होते.

तळ बघितले. काचकागदाने केलेली माझी झीज पुसून गेली होती आणि तिच्या जागी खरी आली होती. डाव्या चवड्याखाली एक गोल झिजलेला ठिपका होता. वळताना ती डाव्या चवड्यावर गिरकी घ्यायची. नक्कल करताना हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिची चाल मला तोंडपाठ आहे म्हणे.

सिस्टर खाटेच्या कडेवर बसली. "हे कुणी घातलेले नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"वापरलेल्या बुटांना घरची वाट ठाऊक असते. यांना कुठली असणार? पोरीनं घातले खरे, पण जाणार कुठे?"

"मग आता हेच परत ठेवतो. आता तर झालेत ना वापरून?"

"यांना ही खोली तेवढी ठाऊक आहे," सिस्टर म्हणाली.

"आणि तिकडे इस्पितळात उठलंय ते कोण?"

तिने छातीवर क्रूसाची खूण केली. "ते मला विचारू नका," म्हणाली आणि बाहेर गेली.

याला आता सात महिने झाले. मुलगी घरी आहे. तिचे दोन्ही पाय सारखे भरतात. मी स्वतः तीनदा मापलेत. वाढीच्या वयात होतं असं कधी कधी, असं डॉक्टर म्हणतात, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. मुलगी गुणाची आहे. जेवणाआधी ताटं मांडते, चादरीची घडी काटकोनात घालते, तासन्‌तास एका जागी बसून वाचते. बुटांच्या नाड्यांना ती एक दुहेरी गाठ मारते. ती आमच्या घरात कुणाला येत नाही. बायकोचं वजन वाढलंय, रंग सुधारलाय, ती पुन्हा गुणगुणत स्वयंपाक करते. तिला मी काय सांगू आणि कुठल्या तोंडाने? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पोरगी परत आली म्हणून शेजारी पेढे मागतात आणि मी देतो.

महिन्यातल्या एका शनिवारी मी जन्मघरी जातो. नवस फेडायला जातोय असं बायकोला वाटतं. खारूच्या जुन्या बुटांचे तुकडे शोधण्यासाठी कार्यशाळेतला भंगाराचा ढीग मी चाळणीने चाळावा तसा चाळला. एक टाच, एक पट्टी, काहीही चाललं असतं. मिळालं नाही, मी नीटनेटका कारागीर आहे. म्हणून नवे जोड नेतो, दर वेळी जरा मोठे. सिस्टर दार उघडते, बूट खाटेखाली ठेवते आणि कुलूप घालते. मी बाकावर बसतो आणि भिंतीशी बोलतो. बसमधून उतरल्यापासून आमच्या दारापर्यंतची वाट सांगतो, कुठे वळायचं, किती पायऱ्या, कठडा कुठल्या हाताला. पलीकडे पावलं थांबून ऐकतात, निदान पूर्वी ऐकायची. संध्याकाळी झिजलेला जोड घेऊन परत येतो.

दुसऱ्या महिन्यात झीज निम्मी होती. चौथ्या महिन्यात टाचेवर नुसती धूळ. सहाव्या महिन्यात डाव्या चवड्याखाली तो गोल ठिपका तेवढा होता, बोटाच्या पेराएवढा. ती एकाच जागी वळत राहिली असणार.

काल गेलो होतो. दिवसभर भिंतीला कान लावून बसलो. सिस्टरने दार उघडलं तेव्हा बूट खाटेखालीच होते, तिने ठेवले होते तसेच, शेजारी शेजारी. तळ कोरे होते. आतून गार होते. सिस्टर म्हणाली, "आता येऊ नका." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. सात महिन्यांत पहिल्यांदाच.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. बायको आत भांड्यांशी होती. दार मुलीने उघडलं. एरवी ती बाजूला होऊन मला वाट देते. काल तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, बूट बाहेर काढले आणि उलटे करून दोन्ही तळ नीट बघितले. मग सुटकेचा एक लांब श्वास सोडला.

घरी आल्या दिवसापासून बायकोला ती आई म्हणते. मला तिने कधीच काही म्हटलं नव्हतं.

"पाय धुऊन घे, बाबा," ती म्हणाली. "आई जेवायला थांबलीय."