पंखांची बिजागरी

चष्म्याची दांडी कानामागे नीट बसते का, हे बघायला माणसाच्या अगदी जवळ जावं लागतं. मावशीच्या चष्म्याच्या दुकानात चिमणी हे काम तीन वर्षं करत होती. कधी हातून काही पडलं नव्हतं. त्या दुपारी समोरचा तरुण सरळ तिच्या डोळ्यांत बघत राहिला, आणि स्क्रू टेबलाखाली घरंगळला!

"चिमणे, हळू गं!" आतून मावशी ओरडली.

ती स्क्रू शोधून वर आली, तर हा गडी चष्म्याविना, नाक जवळजवळ टेकवून तिच्या कॉम्प्युटरमध्ये डोकावत होता. पडद्यावरच्या आभासी जगात तिची बाहुली निळे पंख उघडत-मिटत उभी होती.

"हे तुम्ही केलेत?"

"हो."

"डावा पंख जरा उशिरा उघडतो…"

"मुद्दाम ठेवलंय," ती फणकारली. "पक्षी काय कवायत करतात?"

तो हसला. जरा जास्तच वेळ हसला.

"स्क्रूचे आटे गेलेत, नवा मागवावा लागेल. आला की कळवते. मेलचा पत्ता?"

"काटकोन नावानेच आहे. गणिताचा मास्तर आहे ना मी."

चिमणीचं पेन जागीच थांबलं.

काटकोन! पंखांचा रंग, पिसं, नक्षी तिचीच होती. पण ते हलवता हलवता तिच्या नाकी नऊ आले होते. जमिनीवर ठेवले की छान उघडायचे, बाहुलीला घातले की पाठीतून घुसून छातीतून बाहेर! शेवटी काटकोन नावाच्या कुणीतरी त्या जगातल्या लोकांसाठी फुकट ठेवलेली, पंख हलवण्याची आज्ञावली तिने उचलली. त्याची अट एकच होती, माझं नाव राहू द्या. तिने ती ओळ पुसली. मग वाहवा झाली, आणि ती वाहवा तिने मान तुकवून घेतली.

आता कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

मास्तर चष्मा न्यायला आला. मग काच पुसायचं फडकं न्यायला. मग उगाचच.

"मला शिकवाल का पंख हलवायला?" एकदा त्याने विचारलं.

"वेळ नसतो हो."

"मी थांबेन की…"

तो गोड बोलला की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आवडत होता, हीच तर पंचाईत. मावशी म्हणालीच, "तो यायची वेळ झाली की दाराकडे बघतेस, आणि आत आला की जमिनीकडे. काय चाललंय?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर चिमणी त्याच्या वर्गात गेली. तो फळा पुसत होता.

"पंख माझे नाहीत," ती दारातूनच म्हणाली. "म्हणजे… हलतात ते तुमच्यामुळे. मी तुमचं नाव पुसलं. आणि वर तोंड करून खोटं बोलले."

डस्टर खाली आलं. "माहितीये."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तो डावा पंख… तिथे माझं अधिक-उणं चुकलंय. चाळीस पोरांना गणित शिकवतो आणि स्वतः चिन्ह चुकवतो! तुम्ही त्याला पक्ष्यांची रीत म्हणालात, तेव्हा हसावं की रडावं कळेना."

तिला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. "मग बोलला का नाहीत?"

"राग होताच. पत्ता मुद्दाम सांगितला, तुमचा चेहरा बघायला. बघितला, आणि…" तो अडखळला. "रोज वाटायचं, आज सांगाल. मग भीती वाटायला लागली, की सांगितलंत तर येणंच संपेल. मीही काही फार सरळ वागलो नाही."

ती डोळे पुसत निघून गेली. घरी जाऊन तिने त्या आभासी जगात सगळ्यांसमोर लिहिलं, पंखांची चाल काटकोनाची, चोरी माझी. लोक तुटून पडले. तिने एकेकाचं वाचलं, एकही पुसलं नाही. आठवडाभर आरशातही नीट बघवलं नाही तिला.

आठव्या दिवशी मास्तर दुकानात आला. स्टूल ओढून शेजारी बसला. "चला, सगळं नव्याने लिहू, चिन्हही दुरुस्त करू. टाइप तुम्ही करायचं."

"मला नाही येत. मी लिहिलं की पंख पाठीतून घुसून छातीतून बाहेर येतात."

"येतं. तुमचे पंख उत्तर-दक्षिण बघून वळतात. पण घालणारी सारखी फिरते ना! त्यांना सांगा, दिशा विसरा, फक्त हिच्या पाठीकडे बघा."

चार वेळा चुकलं. पाचव्यांदा दोन्ही पंख एकदम उघडले. बाहुलीने गिरकी घेतली तरी पाठीला धरून राहिले. चिमणी टाळ्या पिटणार होती, पण हात मांडीवरच राहिले.

"इतकं झाल्यावरही… मी आवडते तुम्हाला?"

"लाज वाटली म्हणून चालत शाळेपर्यंत आलात. अशी माणसं किती असतात? आवडता. खूप."

तिने पहिल्यांदा खाली न बघता त्याच्याकडे बघितलं.

"मग अहो-जाहो कशाला?" ती पुटपुटली. "तू म्हण ना… मीही म्हणते."

"आधी तू."

"तू," चिमणी म्हणाली, आणि लाजून लालेलाल झाली. पण ही लाज वेगळीच होती.