हजेरीवहीतले आजोबा

इंग्रजीच्या बाई आल्या आणि खुर्चीत बसून थेट रडायलाच लागल्या. वहिनींनी त्यांना रडू दिलं, तेवढ्यात स्वतःचा चष्मा शोधला आणि मग विचारलं, "काय हरवलंय?"

"हजेरीवही."

भाऊजींचा विरस झाला. दागिने, निदान एखादं मृत्युपत्र तरी, अशी त्यांची अपेक्षा होती.

वहिनी खासगी तपासनीस होत्या. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. गाडी चालवायला आणि चुकीचे निष्कर्ष काढायला ते नेहमी सोबत असत. ते वहिनी म्हणत म्हणून सगळं गाव वहिनी म्हणे. ऑफिस ड्रायक्लीनरच्या दुकानावर होतं, त्यामुळे तिथली फरशी बारा महिने कोमट असे.

बाई परदेशातून आलेल्या. तीन वर्षं घरोघर जाऊन इंग्रजी शिकवत होत्या. दर तासाला शिष्याची वहीत सही घ्यायची आणि ती वही दाखवून राहण्याचा परवाना वाढवून घ्यायचा, असा नियम होता. उद्या सकाळी अकराला परवाना कार्यालयात जायचं होतं. वही नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर पंधरा दिवसांत देश सोडायचा.

"शिवाय साहेब वहीतल्या कुणालाही बोलावून चार प्रश्न विचारतात," बाई म्हणाल्या. "आयत्या वेळी कुणी घाबरू नये म्हणून मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं."

काल बुधवारी बाई एक वाजता दंतवैद्यांकडे गेल्या होत्या, तीन वाजता आजोबांकडे, आणि मग घरी. दंतवैद्यांची सही घेतल्याचं आठवत होतं, आजोबांची घेतली की नाही ते आठवत नव्हतं. घराची दुसरी किल्ली घरमालकिणीकडे होती.

आजोबांचा विषय निघाला तशा बाई जरा खुलल्या. दीड वर्ष दर सोमवारी आणि बुधवारी शिकणारा हा त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य. तासभर उभ्याने बोलतात, बसायची सवयच नाही म्हणतात. स्वभाव मोकळा. पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंना सांगितलं होतं की कपाळावरचे केस कुणीतरी वाकडे कापलेत. विसरभोळे मात्र फार. स्वतःच्या स्वयंपाकघरात पेला कुठे असतो ते त्यांना अजून सापडत नाही, म्हणून पाणी प्यायला बाई स्वतःच आत जातात.

"घरात आणखी कोण असतं?"

"सून. पण ती पोस्टात असते. मी तिला फोनवरच ओळखते."

घरमालकिणीने काही लपवलं नाही. खोली तिला बहिणीसाठी हवी होती. पण काल दिवसभर ती बहिणीकडेच होती, आणि तिथे गेल्यावर तिचा विचार बदलला होता. आता बाईंनी आणखी दहा वर्षं राहावं अशी तिची इच्छा होती.

दंतवैद्य तपासायच्या खुर्चीत स्वतःच बसले होते. वहीचं नाव काढताच घाम पुसू लागले. बाई सहीच्या शेजारी शेरा लिहीत, आणि त्यांच्या प्रत्येक तासाला एकच शेरा होता, 'तोंड उघडत नाहीत.'

"दंतवैद्याबद्दल असं सरकारी कार्यालयात वाचलं गेलं तर?" ते कळवळून म्हणाले. एकदा पान फाडायचा विचार मनात आला होता, हेही त्यांनी कबूल केलं.

"झालं. हाच माणूस," भाऊजी जिन्यात म्हणाले. वहिनी म्हणाल्या, गाडी काढा.

आजोबांचं घर तळमजल्यावर होतं, त्याच इमारतीत पुढे सलून. सलूनच्या दारावर पाटी होती, 'सोमवार, बुधवार दुपारी तीन ते चार बंद.' एक वाट चुकलेला प्रवासी नकाशा घेऊन उभा होता आणि पांढऱ्या केसांचे सलूनवाले त्याला भराभर इंग्रजीत रस्ता सांगत होते. भाऊजींना कौतुक वाटलं.

सून जेवायला घरी आली होती. टेबलावर पोस्टमास्तरपदाच्या बढतीचं पत्र होतं, ते तिने हळूच वर्तमानपत्राखाली सरकवलं. नवरा दोन वर्षं परदेशात होता. सासरे इंग्रजीची परीक्षा पास झाले की दोघांनी तिकडे जायचं ठरलं होतं. "बाबांची जिद्द बघून मलाच लाज वाटते," ती म्हणाली.

आजोबा दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून आरामखुर्चीत होते. दाढी गुळगुळीत, केसांची कड पट्टीने आखल्यागत सरळ. दहा मिनिटं ते गुडघ्यांबद्दलच बोलले. "काठी घेऊन बारा पावलं जातो. तेराव्याला बसावंच लागतं."

मग वहिनींनी इंग्रजीत विचारलं, दुखणं कधीपासून आहे. आजोबांनी गळ्याला हात लावला, घसा बसल्याची खूण केली आणि छताकडे बघत राहिले.

"बिचारे," भाऊजी बाहेर आल्यावर म्हणाले. वहिनी काहीतरी मोजत सलूनपर्यंत चालत गेल्या. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं असणार, असं भाऊजींनी धरलं.

संध्याकाळी सहाला सगळे बाईंच्या खोलीत जमले. घरमालकीण, दंतवैद्य, सून, आणि गाडीतून आणलेले आजोबा. सलूनवाल्यांना पेटीसकट आणायचं काम भाऊजींकडे होतं. आपले केस वाढलेत हे वहिनींच्या लक्षात आलं, म्हणून ते खूश होते.

चहा घेऊन बाई सगळ्यांत शेवटी आल्या आणि दारातच हसल्या.

"बाई," वहिनी म्हणाल्या, "तुमचे आजोबा कोणते ते दाखवा."

बाईंनी सरळ सलूनवाल्यांकडे बोट केलं.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मग सून म्हणाली, "अहो, हे बाबांचे केस कापतात."

"आणि त्यांच्या वतीने इंग्रजीही शिकतात," वहिनी म्हणाल्या. "बाईंचे आजोबा तासभर उभे राहतात, मी पाहिलेल्यांना तेरावं पाऊल जमत नाही. बाईंच्या आजोबांना घरातला पेला सापडत नाही, पण कपाळावरचे केस वाकडे कापलेले लगेच दिसतात. सलून नेमकं तासाच्याच वेळी बंद असतं. घरापासून मोजलं तर बरोबर बारा पावलं. तुम्ही तिथे काय करत होता, आजोबा?"

"झोपत होतो," आजोबा खाली बघत म्हणाले. "ती गोल फिरणारी खुर्ची फार चांगली आहे."

"साहेबांनी वहीतल्या आजोबांना बोलावलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. म्हणून काल बाई पाणी प्यायला आत गेल्या तेव्हा वही पिशवीतून निघाली."

सलूनवाल्यांनी पेटी उघडली आणि कात्र्यांखालून वही काढून बाईंसमोर धरली. वही नसली तर परवानाच जाईल हे कळलंच नव्हतं, ते म्हणाले. दोन दिवसांनी परत ठेवणार होतो.

"पण परीक्षेला कोण बसणार होतं?" भाऊजींनी विचारलं. त्यांना आत्ताच सगळं समजलं होतं.

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "ते अजून ठरलं नव्हतं."

"बाबा, जायचं नव्हतं तर बोलला का नाहीत?"

"तुला नवऱ्याकडे जायचं असेल. मी आडवा कशाला येऊ?" आजोबा म्हणाले. "पण मला इथेच राहायचंय गं. तिथे मी कुणाशी भांडू?"

"मला कुठे जायचंय?" सून म्हणाली आणि एकदम रडू लागली. "बढतीचं पत्र महिनाभर लपवतेय. तुम्ही एवढा अभ्यास करताय म्हणून गप्प होते. आणि ते तिकडे एकटे कंटाळलेत, तरी बाबा शिकतायत म्हणून थांबलेत."

वहिनींनी उद्याचं तिथेच ठरवलं. सलूनवाल्यांनी बाईंबरोबर जायचं, सगळं खरं सांगायचं, आणि तेही इंग्रजीत. शिकवणी खरी होती की नाही, हे साहेबांनी कानांनीच ऐकावं. सलूनवाले घाबरले, पण हो म्हणाले. (दुसऱ्या दिवशी ते पाऊण तास बोलले. साहेबांनी मधेच शिक्का मारून टाकला.)

सुनेने फोन लावून सासऱ्यांच्या हातात दिला. पलीकडून मुलगा हॅलो हॅलो करू लागला. आजोबांनी फोनवर हात ठेवला आणि सलूनवाल्या मित्राच्या कानाशी लागून काहीतरी विचारलं. मित्राने दोनदा सांगितलं.

"कम होम," आजोबा फोनमध्ये म्हणाले, आणि त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं.

बाईंनी डोळे पुसले, वहीत आजची तारीख घातली आणि पेन त्यांच्यापुढे केलं. आजोबांनी दीड वर्षातली पहिली सही केली.