विंगेतलं वाक्य

कनिकाच्या आजोबांची, शांतिलाल शेठजींची कापसातून सरकी काढायची जिनिंग जालन्याच्या जुन्या मोंढ्यामागे होती. कापसाचा हंगाम सरला की तिथलं पत्र्याचं शेड रिकामं पडायचं. यंदा कनिकानं ते कॉलेजच्या नाटकाच्या तालमीसाठी मागून घेतलं. नाटकही तिनंच लिहिलं होतं, 'दोन चहा, साखर कमी'. पोरांनी परस्पर मोबाइलवर लग्नासाठी नावं नोंदवली म्हणून पन्नाशीतला एक विधुर आणि पंचेचाळिशीची एक विधवा हॉटेलात भेटतात, आणि समोरासमोर बसल्यावर दोघांनाही बोलायला काही सुचत नाही, अशी ती सगळी गंमत. विधुर झाला होता माऊली. विधवा तृप्ती.

ती भूमिका तृप्तीनं हट्टानं मागून घेतली होती. तिचे वडील ती बालवाडीत असतानाच गेले. आई, पुष्पाबाई, घनसावंगीला अंगणवाडी चालवायची. तृप्ती जालन्याला होस्टेलवर आल्यापासून घरात एकटीच. तिथल्या शाळेतले साहेबराव सर, तेही एकटेच, दिवाळीत घरी येऊन लग्नाचं सरळ विचारून गेले होते. आईनं त्यांना चहा दिला आणि विषय बदलला. पुढं तृप्तीनं कधी विषय काढला, की ती म्हणायची, "तुझं लगीन करायचं सोडून मीच नटून बसू का गं?" नाटक पाहून आई हसेल, हसता हसता जरा सैल होईल, एवढीच तृप्तीला आशा होती.

पण शेवटची जागा तिला काही केल्या जमेना. माऊली विचारायचा, "मंग, काय ठरलं?" त्यावर तिनं म्हणायचं होतं, "आधी तुमचं घोरणं ऐकू द्या." हमखास हशाचं वाक्य. तृप्ती ते म्हणायची आणि ते जमिनीवर पडायचं.

दुपारी पत्रा तापून तडतडायचा. हवेत कापसाचे तंतू तरंगायचे आणि सरकीचा तेलकट वास कपड्यांना धरून होस्टेलपर्यंत यायचा. शेडच्या उजव्या भिंतीला सरकीची पोती रचलेली होती. तीच त्यांची विंग.

अशाच एका दुपारी तृप्ती पहिल्या प्रवेशात अडकली, तेव्हा पोत्यांच्या बाजूनं कुणीतरी तिला वाक्य सांगितलं. हळू, कोरड्या आवाजात, जराही घाई न करता. तिनं ते उचललं आणि प्रवेश पुढं सरकला.

"बरं झालं सांगितलंस," नंतर ती कनिकाला म्हणाली.

"मी? मी तर बाहेर फोनवर होते."

"माऊली, तू ऐकलंस ना?"

"न्हाई बा. तू तर बिलकुल न अडता बोलून राह्यली होतीस."

तृप्ती इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी. पत्र्याच्या शेडात आवाज घुमतो, आपलंच पाठांतर आपल्याला ऐकू आलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण पुढच्या तालमीत आवाजानं जे सांगितलं ते पाठांतरात नव्हतंच. कनिका टाळी देत म्हणाली, "हे मी कधी लिहिलं? पण राहू दे, माझ्यापेक्षा बराबर आहे."

सगळे चहाला गेले तेव्हा तृप्ती पोत्यांपाशी गेली. पोती भिंतीला चिकटून होती. मधे मांजर शिरलं असतं, माणूस नाही. बाई बोलते की बुवा, तेही तिला आवाजावरून सांगता येत नव्हतं. ती तिथं उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की तेवढ्या जागेतले कापसाचे तंतू तरंगत नाहीयेत. ते हवेत थांबलेत. तिनं फुंकर मारली. ते हलले नाहीत.

नवल म्हणजे तिला भीती वाटली नाही. लहानपणी सायकल शिकताना मागून कुणीतरी सीट धरून पळावं, तसा आधार वाटला. त्या दिवसापासून शेडमधून निघताना ती पोत्यांकडं पाहून हळूच म्हणायची, "येते हं."

प्रयोग कॉलेजच्या सभागृहात होता, भर दुपारी. पुष्पाबाई घनसावंगीहून जीपनं आल्या. साहेबराव सर मागच्या रांगेत बसले होते; त्यांना तृप्तीनंच बोलावलं होतं, आईला न सांगता. कनिका डाव्या विंगेत उभी होती. उजव्या विंगेत कुणी नव्हतं. आवाज शेडमध्येच राहिला असणार, असं तृप्तीनं धरलं होतं.

नाटक रंगलं. लोक हसत होते, आई पदर तोंडाला लावून हसत होती. मग शेवटची जागा आली.

"मंग, काय ठरलं?" माऊलीनं विचारलं.

तृप्तीनं तोंड उघडलं. घोरण्याचं वाक्य तिला लख्ख आठवत होतं.

उजवीकडून सरकीचा वास आला.

आणि मग आवाज. अगदी कानाशी.

आवाजानं सांगितलं तेच तिनं म्हटलं.

"एकटीनं जेवायचा लई कंटाळा आलाय हो मला."

कुणी हसलं नाही. माऊली आपलं वाक्य विसरून तिच्याकडं बघत राहिला. पडदा पडला. टाळ्या नंतर आल्या, आणि आल्या त्या थांबेचनात.

बाहेर कडुलिंबाखाली आईनं तिचं मनगट धरलं. हात गार होता.

"ते शेवटचं कुणी लिहिलं?"

"का गं?"

"गेल्या आठवड्यात ताट वाढून घेतलं अन् भिंतीकडं बघून बोलले मी. ह्याच शब्दांत. दार लावलेलं होतं, तृप्ती. घरात कुणीच नव्हतं."

पलीकडं साहेबराव सर कागदी कप हातात घेऊन, जवळ यावं की निघून जावं अशा पेचात उभे होते. पुष्पाबाईंनी त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"सर," त्यांनी हाक मारली, "उभ्यानं चहा पिऊ नये. या इकडं, बसा."

उन्हाळ्यात दोघांनी लग्न केलं, मोजक्या माणसांत. मग रोज संध्याकाळी फोनवर तृप्तीला आईच्या मागं भांड्यांचा आवाज यायचा, लोणचं कुठं ठेवलंय म्हणून विचारणारा सरांचा आवाज यायचा, आणि मधेच आई भलत्याच गोष्टीवर खळखळून हसायची. ते हसू तृप्तीनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. कुणाचे आभार मानायचे, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

नवा कापूस यायच्या आधी तिनं कनिकाकडून किल्ली घेतली आणि एका दुपारी पेढे घेऊन एकटीच शेडमध्ये गेली. पोती केव्हाच विकली गेली होती. उघड्या भिंतीशी तिनं पेढ्यांचा पुडा ठेवला आणि हात जोडले.

"तुम्ही कोण ते मला ठाऊक न्हाई," ती म्हणाली. "पण माझ्या आईचं घर भरलं. लई उपकार झाले."

वर पत्रा तडतडला. बाकी शांत. तिला जरा हुरहुर वाटली, आणि खूप हलकंही. डोळे पुसून ती दाराकडं वळली.

तेवढ्यात मागून आवाज आला. तसाच हळू, कोरडा, तसाच न घाबरवणारा. विसरलेलं वाक्य सांगावं तसं त्यानं तिला सांगितलं,

"मी निघालेच, सर. तोवर तिचा हात सोडू नका."

तृप्ती जागीच थांबली. आता तर कुठलंच नाटक चालू नव्हतं.

खांद्यावरच्या पर्समध्ये फोन थरथरू लागला. स्क्रीनवर साहेबराव सरांचं नाव होतं, आणि अजून दुपारच होती.