शिवांजली मगदूम ब्रेक लावते

"मॅडम, माझं प्रतिरूप बदला," शिवांजली मगदूम म्हणाली. "मी ब्रेक लावते."

डॉ. केतकी आगाशे यांनी हातातला कप टेबलावर ठेवला. शर्यत नियामक मंडळाच्या प्रयोगशाळेत चालकाने पाऊल टाकायचं नाही असा नियम होता, आणि हंगामाची अंतिम शर्यत आठवड्यावर आली होती. त्यातून समोर उभी होती ती सलग तीन वर्षांची विजेती. कोल्हापुरातल्या निम्म्या रिक्षांच्या मागे तिचा फोटो असे आणि फोटोखाली एकच शब्द: बिनब्रेक.

"आधी दार लावून घे," केतकी म्हणाल्या.

"गेल्या वर्षी खिंडीच्या वळणावर मी ब्रेक लावला. तुमच्याकडं नोंद असंल."

नोंद कशाला हवी, सगळ्यांनी ते पाहिलं होतं. पठारावरच्या त्या शर्यतमार्गावर एक वळण डोंगर फोडून काढलेल्या खिंडीतून जातं. तिथे शिवांजलीच्या पुढची गाडी गिरकी खाऊन आडवी झाली आणि शिवांजलीने ब्रेक लावला. पुढचा माणूस वाचला. पण मागून येणाऱ्या सारंग कुरणेला ती ब्रेक लावेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो तिच्या गाडीवर येऊन आदळला. त्याच्या उजव्या पायाचा चुरा झाला. बरेच महिने अंथरुणात काढून तो या अंतिम शर्यतीत पुन्हा उतरणार होता.

ताशी तीनशेच्या वेगात पुढच्याचा ब्रेक डोळ्यांना दिसून आपला पाय हलेपर्यंत सगळं संपलेलं असतं. म्हणून प्रत्येक गाडीत अंदाजक बसवलेला असे. बाकी सगळ्या चालकांची स्वभावप्रतिरूपं, म्हणजे त्यांच्या स्वभावाच्या गणिती नकला, त्यात भरलेल्या असत. गाडीच्या पुढे किंवा मागे जो कोणी असेल तो पुढच्या क्षणी काय करील हे अंदाजक आधीच सांगे. पडद्यावर हिरवा ठिपका आला तर तो थांबेल, तांबडा आला तर थांबणार नाही. अंदाजक आल्यापासून अपघात निम्म्यावर आले होते. त्याच्याविरुद्ध बोलायची कोणाची छाती नव्हती, आणि खरं तर तसं कारणही नव्हतं.

"त्या दिवसानंतर तरी अंदाजकाला कळायला पाहिजे होतं की," शिवांजली म्हणाली. "पण अजून तेच चाललंय. खिंडीत पुढचे मला वाट सोडत्यात, मागचे चिकटून येत्यात. म्हणजे त्यांच्या पडद्यावर मी अजून तांबडीच हाय. उद्या परत कोण आडवं आलं तर मी ब्रेक लावणार, मॅडम. मला माहीत हाय मी लावणार. आणि मागचा परत येऊन बसणार माझ्या पाठीत."

केतकींना यावर हो म्हणायची मुभा नव्हती. चालकाला त्याचं स्वतःचं प्रतिरूप सांगायचं नाही, हा दुसरा नियम. ते कानावर पडलं की माणूस बदलतो आणि प्रतिरूप खोटं पडतं. हा नियम त्यांनीच मंडळाला लिहून दिला होता.

ती गेल्यावर त्या तडक राजोपाध्यांच्या खोलीत गेल्या. राजोपाध्ये मंडळाचे नियमप्रमुख. माणूस सज्जन, पण नियमाबाहेरचं काही ऐकलं की त्यांचा चेहरा दुखऱ्या दाढेवर खडा आल्यासारखा होई.

"त्या ब्रेकबद्दल आपण तिला दंड केलाय," ते म्हणाले. "सतरावा नियम. चालकाने प्रतिरूपाशी विसंगत वागू नये, कारण बाकीचे त्याच्यावर विसंबून गाडी चालवत असतात. आणि विसंगत ठरलेली कृती प्रतिरूपात धरायची नाही. अपवाद धरत बसलो तर गणित डळमळतं, हे तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणाले होते. पण त्यानंतर तिला खिंडीत ब्रेक लावायची वेळच आलेली नाही. सगळे तिला आधीच वाट देतात. मग नवी नोंद येणार कुठून? तिच्या प्रतिरूपात आता उरलाय तो नुसता जनभाव."

जनभाव म्हणजे चाहत्यांचं बोलणं. चौकातलं, समाजमाध्यमांवरचं, फ्लेक्सवरचं, सगळं. कोणाचं लग्न मोडायला आलंय, कोणाचा गुडघा दुखतोय हे मंडळाच्या डॉक्टरांआधी चाहत्यांना कळतं, असं मंडळाच्या लक्षात आलं होतं. म्हणून ते बोलणंही प्रतिरूपात घेतलं गेलं.

"आणि घेतल्यावर अंदाज सुधारले ना?" राजोपाध्यांनी विचारलं.

"सुधारले. बाकीच्यांचे सुधारले. हिच्या बाबतीत आपण रिक्षामागची अक्षरं गाड्यांना शिकवतोय."

राजोपाध्यांनी नियमांचं पुस्तक उघडून एक पान काढलं. "तिने जाहीर सांगावं," ते शेवटी म्हणाले. "चालकाचं निवेदन प्रतिरूपात जातं. हे नियमात बसतं."

शिवांजलीने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. कॅमेऱ्यासमोर, साध्या सदऱ्यात, कोणी लिहून न देता. "मी ब्रेक लावते. गेल्या वर्षीपासून मला त्या खिंडीची भीती वाटते. मागच्यांनी अंतर ठेवावं." एवढं बोलून ती उठली.

मग कोल्हापुरात जे सुरू झालं ते विचारू नका. सारंगच्या बाजूचे म्हणाले, भ्याली. तेवढा एक शब्द पुरला. भ्याली म्हणणाऱ्या एकेकाला तिच्या बाजूचे दहा-दहा जण उत्तर द्यायला उठले. शिवांजलीच्या चाहत्यांच्या संघटनेचं नाव बिनब्रेक मंडळ. त्याचा अध्यक्ष बंडा चौगुले. त्याच्या टायरच्या दुकानात दिवसभर पंचवीस-तीस माणसं वाद घालत बसलेली असायची, आणि त्यातल्या एकालाही टायर घ्यायचा नसे. केतकी तिथे पोचल्या तेव्हा वाद रंगात आला होता.

"आरं, मंडळानं दंड केला म्हणून तसं म्हंतीया. नियमच उफराटा. ब्रेक लावला म्हणून दंड करणारं मंडळ कुठं बघितलंस?"

"नियम बरोबर हाय. मागच्यानं कुणावर भरवसा ठेवायचा मग? सारंगचा पाय गेला त्यात."

"दंड-बिंड सोडा रं. ही चाल हाय ताईची. मागच्यांनी अंतर सोडलं की ही गेली सुसाट!"

"आणि खरंच भ्याली असंल तर?" कोपऱ्यातल्या एकाने विचारलं.

सगळे त्याच्याकडे असे बघायला लागले की तो बिचारा चप्पल शोधू लागला.

केतकींनी बंडाला बाजूला घेतलं. "चौगुले, ती खरं बोलतेय. ही चाल नाही. तुम्ही लोकांना सांगितलंत तर ऐकतील. तुमच्या शब्दाला वजन आहे."

बंडाने छातीवर हात ठेवला. "मॅडम, ताईसाठी आमी जीव टाकतो. तुमी काय बी काळजी करू नगासा. उद्या सकाळी चौकात बघा."

माणूस शब्दाला जागला. सकाळी चौकात भला मोठा फ्लेक्स लागला होता. शिवांजलीचा काळा गॉगल घातलेला फोटो आणि हातभर उंचीची अक्षरं: 'शिवाताई म्हणतात ब्रेक लावणार! मागच्यांनो, ठेवा बरं का विश्वास!' कोपऱ्यात डोळा मारणारा वाघ. केतकींनी सांगितलं होतं तेच बंडाने लिहिलं होतं. पण फ्लेक्सवर जागा मिळाली आणि समोरच्या पार्टीला डिवचलं नाही, असं त्या गावात कधी झालेलं नाही. त्यालाही राहवलं नाही. संध्याकाळपर्यंत ते वाक्य थट्टा म्हणून सगळ्या राज्यात फिरलं. प्रतिरूपाच्या हिशेबात शिवांजली ब्रेक लावणार नाही याची शक्यता आधी शंभरात एक्क्याण्णव होती. ती सत्त्याण्णववर गेली.

शिवांजलीचा फोन आला. "फ्लेक्स बघितला, मॅडम." ती आधी हसली, मग हसणं थांबलं. "आता खरं सांगायला जागाच ठेवली न्हाई कुणी."

"शर्यत सोड शिवांजली. या वर्षी नको उतरू."

"गाडीशिवाय मला काय येतंय?" ती म्हणाली. "माझ्या मागं सहा गाड्या असत्यात. सहा घरं. तुमचा आकडा मला सांगू नका, मला तो चौकात वाचता येतोय. आता माझं मलाच बघायला पाहिजे."

केतकींना ते थकलेलं बोलणं वाटलं. पोर दमलीय, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शर्यतीच्या सकाळी प्रतिरूपं गाड्यांमध्ये भरायचं काम त्यांचंच होतं. उघड बिघाड दिसला तर हाताने दुरुस्ती करायचा अधिकारही त्यांना होता. मंडळ याला बिघाड म्हणणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. नोकरी जाईल, हेही ठाऊक होतं. त्यांनी खिंडीच्या वळणावरचा शिवांजलीचा तांबडा ठिपका हिरवा केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना आपण काही खरं लिहितोय असं वाटलं. शिवांजलीला सांगायचा प्रश्न नव्हता. चालक सकाळपासून वेगळे ठेवलेले असत, फोनसुद्धा काढून घेतलेला असे. आणि तिला काय सांगायचं? ब्रेक लावणं हा तिचा स्वभावच होता. सांगायचं होतं ते बाकीच्यांना, आणि ते आता झालं होतं.

शर्यत सुरू झाली. फेरीमागून फेरी गेली. खिंडीत शिरले की शिवांजलीच्या मागचे सहाही जण वेग कमी करून अंतर सोडत होते, खिंड संपायच्या आत पुन्हा येऊन चिकटत होते. निवेदक चक्रावून गेले. खिंडीत आरशात मागचा रस्ता दिसत नाही, नुसता कातळ दिसतो, त्यामुळे शिवांजलीला यातलं काही कळायचा मार्ग नव्हता. नियंत्रण कक्षात केतकी पडद्याला डोळे लावून बसल्या होत्या. सारंग पहिला होता, शिवांजली दुसरी.

शेवटच्या फेरीत खिंडीत सारंगचा उजवा पाय दगा देऊन गेला. गाडीने गिरकी घेतली आणि मागच्यांकडे तोंड करून रस्त्यात थांबली. इंजिन चालू होतं. बाजूच्या वाळूत उतरायला त्याला वेळ होता. मागच्या सहा गाड्या आधीच मंदावल्या होत्या, शिवांजलीच्या मागे लांबवर रस्ता मोकळा होता. केतकींच्या तोंडून "वाचला" असा शब्द निघाला.

सारंग हलला नाही. आणि शिवांजलीची गाडी मंदावली नाही.

उपचार कक्षात शिवांजली शुद्धीवर आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. केतकी शेजारी बसल्या होत्या.

"मागनं कोण आदळलं?" हा तिचा पहिला प्रश्न.

"कोणी नाही. सगळे लांब होते."

शिवांजलीने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर समाधान आलं, आणि ते बघवत नव्हतं. "मी ठरवलं होतं, मॅडम. सगळ्यांना वाटतंय न्हाई लावणार, तर न्हाई लावायचा. कुणाचा अंदाज चुकवायचा न्हाई. सारंगच्या पडद्यावर मी तांबडी दिसणार, तो वाळूत उतरणार, मी जाणार, मागचे नीट जाणार. सगळं बरोबर बसत होतं. हा का उतरला न्हाई?"

केतकींना वाटलं आपण इथून उठून जावं. त्या गेल्या नाहीत. "त्याच्या पडद्यावर तू हिरवी होतीस," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्याच. मीच तो ठिपका बदलला. तू थांबशील असं त्याला दिसत होतं, म्हणून तो थांबला. आपण हललो तर तुलाच आडवे येऊ, असं त्याला वाटलं असणार."

शिवांजलीने डोळे उघडले.

"कसा हाय तो?"

केतकींनी नकारार्थी मान हलवली.

"मला सांगायचं की, मॅडम," शिवांजली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "एक शब्द सांगायचा की मला."

नियम होता, असं केतकींच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि त्या रडू लागल्या.

चौकशीत त्यांनी काही लपवलं नाही. मंडळाने त्यांना काढून टाकलं, हाताने केलेली दुरुस्ती रद्द ठरवली आणि आधीचं, मंजूर प्रतिरूप प्रमाण मानून शिवांजलीचा निकाल दिला. राजोपाध्यांनी तो कागदावरून डोळे न उचलता वाचला. "चालकाचं वर्तन प्रतिरूपाशी सुसंगत. दंड नाही." कृती सुसंगत ठरल्यामुळे ती प्रतिरूपातही धरली गेली. शिवांजली मगदूम खिंडीत ब्रेक लावत नाही, याची आता पक्की नोंद होती.

ती नंतर कधी गाडीत बसली नाही.

निकालाच्या दिवशी केतकी सामान घेऊन स्टँडकडे निघाल्या तेव्हा रिक्षा चौकात थांबली. जुना फ्लेक्स उतरवून बंडाने नवा लावला होता. त्यावर शिवांजली नव्हती, वाघ नव्हता, कोणाला डिवचणंही नव्हतं. हार घातलेला सारंगचा हसरा फोटो होता आणि वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. बंडा स्वतः खाली उभा राहून दोरी आवळत होता आणि डोळे पुसत होता. फोटोखाली, नेहमीच्या जागी, नेहमीच्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: शोकाकुल, बिनब्रेक मंडळ, कोल्हापूर.