तळ्याकडची खोली

“अहो, भिंतीतून काय चाललात?”

वच्छला थबकली. कापूस वेचणाऱ्या बायांसाठी गूळ-फुटाण्याची पुरचुंडी घेऊन ती शेताकडे निघाली होती. समोर ना भिंत होती ना दार. लोणारच्या त्या खोल तळ्याच्या काठावर बाबांची उघडी माळजमीन, तिच्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा आणि रेघांच्या मध्ये उभा असलेला, टोपी मागे सारलेला एक अनोळखी तरुण.

“कुठं हाय भिंत?”

“तुमच्या पायाखाली. दार तिकडं आहे.”

नाक मुरडून ती सरळ पुढे जाऊ शकली असती. पण कोण जाणे काय वाटलं… ती मागे फिरली, वळसा घालून रेघेतल्या मोकळ्या जागेपाशी आली आणि हवेतच बोटानं टकटक केलं.

“येऊ काय?”

“या ना,” तो म्हणाला, आणि नसलेलं दार उघडून अदबीनं बाजूला झाला.

हा इंद्रभान. मलकापूरकडच्या शेतकरी घरातला. नात्यागोत्यात बसणारा, पण घरची जमीन जेमतेम. मुंबईला राहून इमारतीची विद्या शिकला आणि बोलणंही तिकडचंच उचलून आला. वच्छलाचे वडील वामनराव लोणारचे बडे जमीनदार. तळं पाहायला नागपूरचे साहेब येतात, मुंबईचे शेठ येतात, मलकापूरला आगगाडीतून उतरून मोटारीत हाडं खिळखिळी करून घेतात आणि इथं त्यांना पाठ टेकायला धड पलंग मिळत नाही, याचं वामनरावांना भारी वाईट वाटे. म्हणून साऱ्या वऱ्हाडात नसेल असं हॉटेल त्यांना काठावर उभं करायचं होतं, आणि ते काम त्यांनी इंद्रभानवर सोपवलं होतं.

आणखी एक गोष्ट ठरलेली होती. वच्छलाला जालन्याकडचं तालेवार स्थळ आलं होतं, आणि वामनरावांनी त्यांना निरोप धाडला होता, “हाटेल उघडलं का पोरगी पाह्यले या.”

म्हणजे हॉटेल पुरं झालं की एक जण जाणार होता आणि दुसरा येणार होता.

भिंती कमरेइतक्या आल्या. दुपारी सुभद्राआत्याला सोबत घेऊन वच्छला काम पाहायला येई. आत्या सीताफळीच्या सावलीत बसे आणि बसल्या बसल्या पेंगे. मग बिनछपराच्या त्या खोल्यांतून दोघंच हिंडत. खाली तळ्याचं पाणी हिरवंगार पडलेलं असे, कुठंतरी मोर ओरडे, खारट वारा तिच्या पदराशी खेळे.

“ही सगळ्यांत भारी खोली,” इंद्रभान सांगे. “गोऱ्या साहेबांसाठी. इथं शिसवी पलंग, इथं बेल्जियमचा आरसा. नहाणीला चिनी मातीच्या फरश्या. आणि खिडकी तळ्याकडं.”

“अन् सकाळचं ऊन?”

“साहेब लोक उशिरा उठतात.”

“म्हनून का खोली आंधळी ठेवाची?”

पूर्वेला दुसरी खिडकी पाडली गेली. गवंडी कुरकुरले, काम आठवडाभर लांबलं, आणि वच्छलाला काम लांबवायची युक्ती सापडली. मग तिला उंबरा बुटका वाटू लागला. मग भिंतीत दिव्यासाठी दिवळी हवीशी वाटली.

“दिवळी कशाला? साहेबांचे मोठाले कंदील असतात.”

“असू द्या. दिवळीत दिवा असला म्हंजे घरात कोनी वाट पाहून राह्यलं असं वाटते.”

इंद्रभान नुसता तिच्याकडे पाहत राहिला… मग खडू घेऊन त्यानं भिंतीवर दिवळी आखली.

तिला तो आवडत होता. आता यात आडपडदा कशाला? त्याची ती वेळीअवेळी वाकडी होणारी टोपी, ‘बघा हं’ म्हणायची मुंबईची ढब, सारं सारं आवडत होतं.

“तुमच्या गालाला चुना लागलाय,” एकदा तो म्हणाला.

“मंग पुसा ना— म्हंजे… मीच पुसते.”

दोघांचेही कान लाल झाले. तिकडे आत्यानं डोळे मिटूनच कूस बदलली.

छत चढलं त्या दिवशी गावभर पेढे वाटले. वच्छलानं आपला पेढा आत्याच्या हातावर ठेवला.

“पुढं नागपूरचं काम आहे,” इंद्रभान म्हणाला.

“मोठं हाय?”

“मोठं आहे.”

“जा मंग,” ती म्हणाली आणि झटकन पाठ फिरवली. डोळ्यांतलं पाणी त्याला दाखवायचं नव्हतं.

अखेर वामनराव पाहणीला आले. कमानी पाहिल्या, रंगीत काचा पाहिल्या, ऐसपैस व्हरांडा पाहून मिशीत हसले. मागून आत्या, वच्छला, इंद्रभान आणि गवंडी मोतीराम. तळ्याकडच्या खोलीशी मात्र त्यांना उंबऱ्याची ठेच लागली. आत आले. दिवळी पाहिली. मग मान वर केली.

“ह्या दोन कड्या कशाच्या?”

“पंख्याच्या असतीन,” आत्या घाईनं म्हणाली.

“पंख्याची ते मधात हाय. ह्या पलंगाच्या उशाशी हायेत. काऊन रे, मोतीराम?”

मोतीरामनं डोकं खाजवलं. “पाळन्याच्या हायेत, मालक. इंजिनेरसाहेबानं बसवाले लावल्या.”

“गोऱ्या साहेबाच्या खोलीत पाळना?”

वच्छलाचा चेहरा तापला. खिडकी तिनं मागितली होती, उंबरा मागितला होता, दिवळी मागितली होती. कड्या तिनं मागितल्या नव्हत्या.

इंद्रभानचं मुंबईचं बोलणं कुठल्या कुठं पळालं. “चूक झाली, मालक. मी हाटेलच बांधून राह्यलो होतो. घर कधी बांधाले लागलो… मलेच समजलं नाही.”

“कोनाचं घर?”

त्यानं खाली पाहिलं. चार माणसांत तो तिचं नाव घेणार नव्हता. तिच्या नावाला बोल लागू नये म्हणून हा असाच मुकाट नागपूरला निघून जाईल, हे वच्छलाला त्या क्षणी लख्ख कळलं.

“काढ रे त्या कड्या,” वामनराव म्हणाले.

मोतीराम शिडीवर चढला. छिन्नीचा पहिला घाव बसला आणि गिलाव्याचा टवका खाली पडला.

“राहू द्या, बाबा.”

“काय म्हनलं?”

“राहू द्या.” ती शिडीपाशी जाऊन उभी राहिली. “ज्याची खोली हाय त्याले इचारल्याबिगर तोडू नका.”

“कोनाची खोली हाय?”

“माही…” तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं. “माही अन् यांची.”

वामनरावांनी लेकीकडे पाहिलं, त्या पोराकडे पाहिलं आणि ते मटकन उंबऱ्यावर बसले.

“जालन्याच्या लोकाइले काय सांगू आता?”

“सांगा, पोरीनं घर पाह्यलं अन् पसंत केलं,” सुभद्राआत्या म्हणाली.

वामनरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांनी इंद्रभानला शेजारी बसायची खूण केली. वर्षभर ज्याला रोज पाहिलं, त्याला आज पहिल्यांदाच त्यांनी घसा खाकरून विचारलं,

“तुमच्या घरी कोन कोन असते, पाव्हने?”

मोतीरामनं छिन्नी खिशात टाकली आणि हळूच शिडीवरून खाली उतरला.