बाहेरची कडी

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या बायकोवर गुदरलेली आहे. साल १९५७, चैत्र महिना, गाव कुरखेडा, तेव्हाचा चांदा जिल्हा. आणि वेळ भरदुपारची. भुतं रात्रीच येतात असं ज्याला वाटतं, त्याने पुढे वाचूच नये.

मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून बदलून गेलो होतो. गुणवंतरावांच्या घरामागची एक खोली भाड्याने मिळाली. पुढे सपरी, म्हणजे पडवी, तिथेच चूल. खोलीला खिडकी नव्हती. दाराला गंजलेली कडी होती, पण फक्त बाहेरून.

आतून का नाही, म्हणून विचारलं.

"लावून देतो नं मास्तर, घाई काऊन करता?" गुणवंतराव म्हणाले. महिना गेला, लावली नाही.

या माणसाचं नाव निघालं तरी आजही माझं डोकं फिरतं.

मग भागीरथा, माझी बायको, चार दिवस बाजूला बसली. तेव्हा रीतच तशी होती. ती खोलीत, मी सपरीत. गुणवंतरावांनी बजावलं की विटाळाचा तांब्या उंबऱ्याबाहेरच ठेवायचा. मी शिकलेला शहाणा, मान डोलावली. तहान लागली की ती हात बाहेर काढून तांब्या घ्यायची.

पहिल्या दुपारी मी सपरीत जेवत होतो. आतून आवाज आला...

खर्र... खर्र...

कुणीतरी नखांनी दार खरवडत होतं.

डोकावलो. भागीरथा दारापासून लांब, भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी भरून ठेवलेला तांब्या कोरडा निघाला. तिने त्याला हातही लावला नव्हता.

तिसऱ्या दिवशी शाळेत तपासणीला साहेब आले. परतायला तीन वाजले. ऊन मी म्हणत होतं.

अंगणात चिटपाखरू नव्हतं. तांब्या उंबऱ्याबाहेर, काठोकाठ भरलेला...

आणि दाराला कडी.

उघडली तशी भागीरथा माझ्या अंगावर कोसळली. ओठ फुटलेले, नखांतून रक्त. विटाळ गेला खड्ड्यात, मी तिला मांडीवर घेऊन पाणी पाजलं. शुद्धीवर आल्यावर ती हळूच बोलली.

"एक बाई माह्यापाशी बसून होती. म्हणे, ओरडू नको. कोणी येत नाई."

मी तडक गुणवंतरावांच्या दारात गेलो. तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. त्यांची सून मनकर्णा याच खोलीत बाजूला बसली होती. घरचे सगळे लग्नाला गेले. ती मागोमाग मांडवात येऊ नये म्हणून कडी लावून गेले. तिकडे मुक्काम दोन दिवसांनी वाढला. तांब्या बाहेरच राहिला.

"तिची वेळ आली होती," ते पान लावत म्हणाले.

मी त्यांचा पानाचा डबा अंगणात भिरकावला. जिथे सून तहानेने मारली, तीच खोली हा गृहस्थ भाड्याने देत होता. आज कडी कुणी लावली, म्हणून मी ओरडलो.

उत्तर कुंपणापलीकडून आलं. शेजारच्या धुरपताबाईंकडून.

"मास्तर, सकाळी तुमीच लावली. मी पाह्यलं. बाई आतून हाका मारत होती, तुमी मागं पाह्यलं नाई."

मग तुम्ही का उघडली नाही, मी विचारलं.

"विटाळाच्या दाराले हात कसा लावू?"

त्याच संध्याकाळी बैलबंडीत सामान टाकून आम्ही खोली सोडली. आमच्या घरात पुन्हा कुणी बाजूला बसलं नाही.

कडी लावल्याचं मला आजही आठवत नाही. धुरपताबाईंना खोटं ठरवावं असं फार वाटतं.

पण त्या सकाळी फळ्यावर लिहिताना खडूला तांबडे डाग पडत होते... माझी बोटं गंजाने माखलेली होती.

हे मी भागीरथाला कधीच सांगितलं नाही.