गंगाबाईच्या मासळीला एक तारा

गुरुवारी संध्याकाळी पावणेसातला कुलसुम मुकादमचं किचन नाहीसं झालं.

म्हणजे ओटा जागेवर होता. शेगड्या, पातेली, मसाल्याच्या बरण्या, पार्सलच्या डब्यांची चळत, सगळं पनवेलच्या मोहल्ल्यातल्या त्या दीड खोलीत जिथल्या तिथं होतं. किचन नाहीसं झालं ते 'हजर' नावाच्या अ‍ॅपमधून. मघापर्यंत तिथं तिचा हसरा फोटो होता. खाली 'कुलसुमचं किचन', आणि त्याखाली माशाच्या कालवणाचं नाव : 'माछीचं सालन, खास कुलसुमची रेसिपी'. आता एक करडा चौकोन होता आणि त्यात एकच शब्द : 'अनुपलब्ध'.

पूर्वी एखादं हॉटेल बंद पाडायचं तर निदान दगड तरी उचलावा लागे. २०१९ साली अंगठा पुरला.

कुलसुमच्या किचनला ना पाटी होती, ना बाकडी. गिऱ्हाइकाला चूल दिसत नसे आणि चुलीला गिऱ्हाईक. मोबाइल वाजायचा, ऑर्डर यायची, जांभळ्या टी-शर्टातला डिलिव्हरीवाला डबा घेऊन जायचा. अ‍ॅपमधून गेलं म्हणजे जगातून गेलं.

शुक्रवारी सकाळी गंगाबाई आली.

उरणच्या मोऱ्याहून पहिल्या एसटीनं येऊन ती पनवेलच्या मच्छीबाजारात बसायची आणि बसण्याआधी कुलसुमच्या दारात टोपली उतरवायची. तिनं हाक मारली की कर्नाळ्याचे पक्षी उडतात, असं बाजारात सांगतात. तिच्या टोपलीतलं पापलेट विकलं जाईपर्यंत डोळे मिटत नाही, असंही सांगतात. खोटं असेल. पण तिच्या तोंडावर तसं म्हणणारा अजून जन्माला यायचाय.

"आज मासळी नको, गंगाबाय," कुलसुम म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. शेजारी तिची नणंद जिक्रा तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती. बातमी कळताच बिचारी सुकापूरहून रिक्षा करून आली होती.

"नको? का गो?"

"किचनला कुलूप लावलं त्यांनी. आठवड्यात तीन तक्रारी आल्या."

"कसल्या?"

कुलसुमनं मोबाइल पुढं केला. जिक्रानंच तो घेऊन हळूच वाचलं, "'मासळी शिळी होती.' तिन्ही वेळा हेच. एकेक तारा दिलाय."

गंगाबाईनं टोपली खाली ठेवली. गल्लीतली मांजरं उठून लांब जाऊन बसली. ही बाई गप्प झालेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"माझ्या मासळीला शिळी?" ती शेवटी म्हणाली. "ऐका. ज्यानं हे लिवलंय तो मला गावला ना, तर मोऱ्यापासून पनवेलपर्यंत त्याच्या घरात कोळंबीचं साल पन जानार नाय. दर्याची आन हाय."

"मावशी, जाऊ द्या," जिक्रा म्हणाली. "रोज्याचे दिवस आहेत. कुणाला शाप देऊ नये."

"शाप नाय गो. धंद्याचा निर्णय हाय."

जुम्म्याची कामं पडली होती म्हणून जिक्रा थोड्या वेळानं घरी गेली. गंगाबाई उंबऱ्यावर बसली. पदर खोचला.

"आता सांग. ह्याच्यावर उपाय काय?"

"कंपनीचा नोमान संध्याकाळी येणार आहे. तक्रारी खोट्या आहेत असं दाखवलं तर उघडेल. नाही तर आजच कायमचं काढून टाकणार. ईद तोंडावर आलीय, गंगाबाय. शौहर गेल्यावर ह्या किचनवरच उभी राहिले मी. हे गेलं तर मला कोण ओळखतं?"

"तक्रारवाले कोन हायत?"

"सुमती, सुनीता आणि कालचा उदयसिंह. नुसती नावं दिसतात. नंबर कंपनी लपवते."

"तक्रार कदीपन करता येते?"

"नाही. डबा पोचल्यावर अर्ध्या तासाच्या आत. मग ती सोय बंद होते. कालची सहा पस्तीसला आलीय."

"आनि डबे तू देते कदी?"

"रमजानात चार ते सहा. मग बंद. इफ्तारच्या आत सगळ्यांकडे पोचायला पाहिजेत ना. सव्वासहाला शेवटचा डबा हातात पडतो."

"कालची तक्रार सगळी वाच. शेवटपर्यंत."

"'सालन चाखलं. मासळी शिळी. आमसूल जास्त आहे.'"

"आमसूल? ते तुज्या मोबाइलात लिवलंय काय?"

"छे. ते घरातलं गुपित. बाकी सगळे चिंच घालतात. आमसूल घालायच्या माझ्या सासूबाई, हलीमाबी. दोन वर्षांपूर्वी गेल्या. जाताना सांगून गेल्या, ही चव घराबाहेर जाऊ देऊ नका."

गंगाबाईनं मान हलवली आणि उठली. टोपलीच्या कडेला चार कैऱ्या होत्या, त्या तिनं ओट्यावर ठेवल्या. "घे. बुधवारच्या सपल्या काय?"

"संपल्या. काल बरणीत आमसूल नव्हतंच, बाजारात जायला वेळ नव्हता. तुझ्या कैऱ्याच वाटून घातल्या."

गंगाबाई टोपली उचलता उचलता थांबली. मग बाजाराऐवजी एसटी स्टँडकडं निघाली. त्या दिवशी मच्छीबाजारात तिची जागा दुपारपर्यंत रिकामी होती, आणि गिऱ्हाइकांना वाटलं समुद्रच आटला.

एसटी स्टँडसमोर काळूरामची खानावळ. तोही 'हजर'वर होता, आणि माशांच्या जेवणात कायम दुसऱ्या नंबरावर. पहिला नंबर कुलसुमचा. कालपर्यंत.

"पयला नंबर आला म्हनं तुजा, काळूराम."

"मी नाय तक्रार केली, गंगाबाय! आयशप्पत!"

"तक्रारीचं मी कुठं इचारलं?"

काळूरामच्या हातातला डाव आमटीत पडला. "सगळ्या पनवेलीत तेच चाललंय, म्हनून बोललो. हां, तिचा डबा मी मागवतो. खोटं कशाला बोलू? आठवड्यातून दोनदा. काल पन मागवला."

"का?"

"शिकायला! ती चिंच कंची घालते तेच कळंना. भाजून बगितली, गुळात मुरवून बगितली. काल तर आंबट आनखीच निराळं लागलं. माझं डोकं फिरलंय."

"चिंच भाजून बगितली?"

"मग? आंबट काय खाडीतून येतं?"

"मासळी कशी व्हती?"

काळूरामनं इकडंतिकडं पाहिलं. "फर्मास," तो तोंड वाकडं करून म्हणाला, जणू दात काढून घेतला होता त्याचा.

जांभळ्या टी-शर्टातला परेश रिक्षा स्टँडजवळ बाइकवर बसून पुढच्या ऑर्डरची वाट बघत होता. तिन्ही डबे त्यानंच पोचवले होते.

"कुठं दिले?"

"सुकापूरला, मावशी. बिल्डिंगी तीन वेगळ्या, पण गल्ली एकच."

"हातात कोनी घेतले?"

"कोणीच नाही. अ‍ॅपमध्ये सूचना होती, 'वर येऊ नका, जिन्यात मीटरच्या पेटीवर ठेवा.' आपण ठेवायचं, 'डिलिव्हर्ड' दाबायचं, निघायचं. अर्ध्या पनवेलला मी जेवायला घालतो, पण तोंडं नाही बघितली कुणाची."

"बरं. त्या पेटीवर आनखी काय व्हतं?"

परेश हसला. "तुम्हाला कसं कळलं? कागदाच्या पुडीत दोन खजूर. तिन्ही वेळा. वर लिहिलेलं, 'डिलिव्हरीवाल्या भावासाठी.' एकदम मऊ होते."

"उदयसिंहानं पन ठेवले?"

"हो. चांगले असतात कधी कधी कस्टमर."

"चांगले," गंगाबाई म्हणाली. "लय चांगले."

दुपारी तिनं कुलसुमला दोनच गोष्टी सांगितल्या. कालचंच सालन कर, जसंच्या तसं. आणि मी सांगते त्यांना इफ्तारला बोलाव.

सातच्या आत सगळे जमले. 'हजर'चा नोमान लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन. काळूराम भिंतीला टेकून, घाम पुसत. परेश दाराशी. जिक्रा कुलसुमच्या शेजारी, ताटं मांडायला मदत करत. अजान झाली. खजूर फिरले, पाणी फिरलं, मग वाफाळतं सालन आलं.

गंगाबाई जेवत नव्हती. ती तोंडं बघत होती.

काळूरामनं पहिला घास घेतला. "हे कालचंच! तसंच निराळं आंबट!"

नोमाननं मान डोलावली. "आपा, जबरदस्त."

जिक्रानं घास तोंडात घातला आणि तिचा हात तसाच राहिला. कपाळावर आठी आली.

"भाभी, ही तर कैरी!" ती म्हणाली. "अम्मीच्या सालनात कैरी? आमसूल कुठंय?"

"नव्हतंच," गंगाबाई म्हणाली. "काल पन नव्हतं."

आता पातेल्यातल्या माशालाही पुढं काय होतंय ते ऐकावंसं वाटलं असेल.

"नोमानभाऊ, लिवून घे. काल ह्या पातेल्यात कैरी व्हती. तरी तक्रार आली, 'आमसूल जास्त.' म्हंजे लिवनारीनं डबा चाखलाच नाय. कुलसुम 'शिळी' वाचून रडत बसली, पुढचं तिच्या डोक्यात शिरलंच नाय. माझा पन पयला संशय ह्या काळूरामवर व्हता. पन त्यानं काल चाखलं, त्याला चव बदललेली कळली, आनि आमसूल म्हंजे काय त्याला ठावंच नाय. तो आजून चिंच भाजतोय."

"आमसूल?" काळूराम पुटपुटला. त्याचं आयुष्य त्या क्षणी बदललं, पण त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

"मंग आमसूल ठावं कुनाला? तिघींना. हलीमाबी अल्लाच्या घरी गेल्या. एक सकाळी हिते रडत व्हती. आनि एक तिच्या पाठीवरनं हात फिरवत व्हती."

जिक्रानं ताट बाजूला सारलं. "मावशी, काय बोलता तुम्ही?"

"आता इचार असा केला मी, की खोटं लिवायचं तर चमचाभर चाखायला काय झालं व्हतं? चाखलं असतं तर कैरी कळली असती, वाचली असतीस. पन डबा येतो सव्वासहाला, तक्रार लिवायची पावनेसातच्या आत, आनि अजान सातनंतर. नाव उदयसिंहाचं घेतलं तरी रोजा तर तुजाच व्हता. खोटं लिवताना बोट थरथरलं नाय, पन रोजा तू मोडला नायस. आनि दारात आलेल्या मानसासाठी दोन खजूर ठेवायला पन नाय इसरलीस. तुज्याच गल्लीत, सुकापुरात. तुजं इमान खरं हाय गो जिक्रा. त्यानंच तुला पकडून दिली."

नोमाननं लॅपटॉप उघडला. "कस्टमरचा नंबर मी कुणाला सांगू शकत नाही. पण जिक्राआपांनी स्वतःचे नंबर दिले, तर जुळतात का ते..."

"काही जुळवू नको," जिक्रा म्हणाली. तिचा आवाज एकदम सपाट झाला. "तिन्ही नंबर माझेच. एक माझा, एक नवऱ्याचा, एक त्यांचा जुना. डबे बिल्डिंगच्या वॉचमनला देऊन टाकले. अजाननंतरही तिच्या हातचं माझ्या घशाखाली उतरलं नसतं."

"पण का?" कुलसुम कशीबशी म्हणाली. "जिक्रा, मी काय केलं तुझं?"

"काय केलंस? माझ्या अम्मीनं चुलीपुढं डोळे घालवले त्या सालनासाठी. आणि तू खाली लिहिलंस, 'खास कुलसुमची रेसिपी.' वर स्वतःचा फोटो. रोज मोबाइल उघडला की तू हसत असायचीस. मला तुझं किचन नको होतं, भाभी. मला ते हसू पुसायचं होतं. पुसलं."

कुलसुमनं पातेल्यावर झाकण ठेवलं.

"आपा, तक्रारी रद्द," नोमान म्हणाला. "आत्ता सुरू करतो किचन."

"थांब. आधी नाव बदल."

"काय टाकू?"

"हलीमाबीचं किचन. माझा फोटो काढ. रेसिपीपुढचं माझं नावही काढ."

जिक्राच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पुढं सरकली. कुलसुमनं हात आडवा धरला.

"रडू नको. मी तुला माफ नाही केलं. तुझं म्हणणं खरं होतं म्हणून नाव बदललं. आता पुन्हा कधी एक तारा द्यायचा झाला ना, तर तो आपल्या अम्मीला दे."

गंगाबाईचा धंद्याचा निर्णय शनिवारी सकाळपासून लागू झाला. मोऱ्यापासून पनवेलपर्यंत कुठलीही कोळीण जिक्राकडं बघेना. ती समोर आली की टोपलीतली कोळंबीसुद्धा पाठ फिरवते, असं लोक सांगत. बर्फातला तरी मासा मिळेल म्हणून ती कळंबोलीला ट्रकवाल्यांच्या अड्ड्यापर्यंत गेली, तर विकणारी गंगाबाईची मामेबहीण निघाली.

ईद झाल्यावर तिसऱ्या शुक्रवारी 'हजर'वर सुकापूरहून एक ऑर्डर आली. माछीचं सालन, एक. नाव : जिक्रा.

कुलसुमनं डबा भरला. परेश घेऊन गेला. वीस मिनिटांनी मोबाइल वाजला. पाच तारे होते. खाली लिहिलं होतं, 'आमसूल बरोबर आहे.'

कुलसुमनं ते दोनदा वाचलं. मग उंबऱ्यावर बसलेल्या गंगाबाईला वाचून दाखवलं.

"आनि मासळीचं काय लिवलंय?"

"मासळीचं काही नाही."

गंगाबाईनं पदर झटकला, टोपली डोक्यावर घेतली.

"मंग बंदी चालू," ती म्हणाली आणि बाजाराकडं निघाली.